दुबळी पूर्व, बलाढ्य मिडवेस्ट आणि 500 मैलांची बस

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, म्हणजे डिव्हिजन थ्रीमध्ये, दर नोव्हेंबरात प्लेऑफचा, म्हणजे बाद फेऱ्यांचा, ड्रॉ जाहीर होतो आणि त्याच दिवशी एक जुना वाद नव्याने पेटतो. (फुटबॉल म्हणजे इथे अर्थातच अंडाकृती चेंडूचा, खांद्याला खांदा आपटून खेळायचा अमेरिकन फुटबॉल.) एक गट म्हणतो, पूर्वेकडच्या लिंबूटिंबू कॉन्फरन्सचा (म्हणजे मोसमभर आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचा) विजेता थेट आत येतो आणि मिडवेस्टमधल्या, म्हणजे देशाच्या उत्तर-मध्य पट्ट्यातल्या, विस्कॉन्सिनचा तिसऱ्या क्रमांकाचा संघ, जो त्याला झोपेतही हरवेल, तो घरी बसतो, हा कुठला न्याय? दुसरा गट म्हणतो, विस्कॉन्सिनची ती हजारो विद्यार्थ्यांची सरकारी विद्यापीठं आणि आमची दीड हजार मुलांची कॉलेजं एकाच मांडवात बसवलीच कशाला? दोन्ही गट तावातावाने बोलतात आणि दोघांचाही नेम चुकतो. प्रदेशांमधली तफावत खरी आहे, जुनी आहे आणि ती स्पर्धेचे नियम बदलून मिटणारी नाही. नियमांच्या हातात आहेत त्या दोनच गोष्टी: कोणाला आत घ्यायचं आणि आत आलेल्यांची गाठ कोणाशी घालायची. माझं म्हणणं असं, की आत घेताना प्रदेश जरूर पाहावा आणि गाठ घालताना अजिबात पाहू नये. प्रत्यक्षात मात्र गाठ घालताना नकाशा आणि बसभाडं पाहिलं जातं, आणि भांडण होतं ते प्रवेशावर.

थोडी पार्श्वभूमी. एनसीएए या कॉलेज खेळांच्या देशव्यापी संघटनेने 1973 साली कॉलेजांचे तीन डिव्हिजन केले. तिसऱ्यात खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला बंदी आहे. मुलगा फी भरून शिकतो, गरज किंवा गुण पाहून इतरांना मिळते ती मदत त्यालाही मिळते आणि शनिवारी तो खेळतो. असे फुटबॉल संघ आज सुमारे 240 आहेत. त्यांचा अंतिम सामना म्हणजे स्टॅग बोल. पूर्वी 16 संघांचा प्लेऑफ असे, पूर्व-उत्तर-दक्षिण-पश्चिम अशा चार विभागांतून चार-चार. 1999 मध्ये कॉन्फरन्स विजेत्यांना थेट प्रवेश मिळू लागला, 2005 मध्ये संघ 32 झाले. पुढे थेट प्रवेश मिळवणाऱ्या कॉन्फरन्स इतक्या वाढल्या, की उरलेल्या खुल्या जागा हाताच्या बोटांवर मोजाव्यात. मग 2024 पासून 40 संघ.

तफावत नाकारणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही, आकडेच बोलतात. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका कॉलेजने 1991 मध्ये जेतेपद मिळवलं, त्यानंतर पूर्व विभागाला पुढचं जेतेपद पाहायला 2023 उजाडलं. मधल्या काळात न्यू जर्सीचं रोवन 1993 ते 1999 या सात वर्षांत पाच वेळा अंतिम सामन्यात पोहोचलं आणि पाचही वेळा हरलं. 2005 ते 2014 या दहा वर्षांत नऊ वेळा अंतिम सामना एकाच जोडीत झाला, ओहायोचं माऊंट युनियन आणि विस्कॉन्सिनचं व्हाइटवॉटर. राष्ट्रीय स्पर्धा म्हणायचं आणि दहातून नऊ वर्षं तेच दोन संघ! 2024 च्या उपांत्य सामन्यात इलिनॉयच्या नॉर्थ सेंट्रलने पेनसिल्व्हेनियाच्या सस्कहॅनाचा 66–0 असा धुव्वा उडवला. हा काही पहिल्या फेरीतला दुबळ्याचा बळी नव्हता, शेवटच्या चारांतला सामना होता. अगदी 1973 च्या पहिल्या अंतिम सामन्यातही ओहायोच्या विटेनबर्गने पेनसिल्व्हेनियाच्या जुनिआटाला 41–0 असं लोळवलं होतं. ‘प्रमाणपत्रं वाटून राष्ट्रीय विजेता ठरत नाही’ असं म्हणणाऱ्याच्या बाजूने हा सगळ्यात भक्कम पुरावा आहे, आणि तो मला मान्य आहे.

पण त्यावरून ‘पूर्वेकडच्या मुलांना फुटबॉल येत नाही’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे पुस्तकाचं एकच पान वाचून परीक्षण लिहिणं. विस्कॉन्सिन घ्या. अख्ख्या राज्यात डिव्हिजन वनचा फुटबॉल संघ एकच, मॅडिसनच्या विद्यापीठाचा. डिव्हिजन टूचा एकही नाही. मग बारावीतून बाहेर पडणारा, मॅडिसनने न घेतलेला चांगला लाइनमन (पुढच्या फळीतला धिप्पाड खेळाडू) जाणार कुठे? राज्याबाहेर जाऊन जास्त फी भरायची, की घरापासून दोन तासांवरच्या सरकारी विद्यापीठात कमी फीमध्ये शिकायचं? तो व्हाइटवॉटरला जातो, ला क्रॉसला जातो, ऑशकॉशला जातो. मधली पायरीच नसल्याने वरून निसटलेलं सगळं पाणी थेट तळाच्या टाकीत येतं. ला क्रॉसची 1992 आणि 1995 ची, व्हाइटवॉटरची 2007 ते 2014 मधली सहा, ही जेतेपदं त्या टाकीतून आली आहेत.

आता पेनसिल्व्हेनिया. हायस्कूल फुटबॉलचं वेड तिथे विस्कॉन्सिनपेक्षा तसूभरही कमी नाही. पण तिथली सरकारी विद्यापीठं, स्लिपरी रॉक, कुट्झटाऊन, वेस्ट चेस्टर, इंडियाना (हे पेनसिल्व्हेनियातलंच, त्या नावाच्या राज्यातलं नव्हे) ही डिव्हिजन टूमध्ये आहेत आणि त्या डिव्हिजनमध्ये फुटबॉलसाठी 36 पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम वाटता येते. थोडीफार जरी शिष्यवृत्ती हाती पडत असेल तर मुलगा तिसऱ्या डिव्हिजनकडे वळेल कशाला? मिशिगनचं उदाहरण तर त्याहून बोलकं. डिव्हिजन थ्रीमध्ये त्या राज्याच्या नावावर एकच जेतेपद, 1994 चं ऑल्बियनचं. मिशिगन ‘दुबळं’ म्हणायचं का? एक पायरी वर चढून पाहा: ग्रँड व्हॅली स्टेटने 2002 ते 2006 दरम्यान चार वेळा आणि फेरिस स्टेटने 2021, 2022, 2024 मध्ये डिव्हिजन टूचा चषक नेला. तेच राज्य, तशाच गल्ल्यांतली मुलं. एका डिव्हिजनचा नकाशा पाहिला तर राज्य बलाढ्य, दुसऱ्याचा पाहिला तर मामुली, आणि विस्कॉन्सिनचं याच्या अगदी उलट. प्रदेशाची ताकद म्हणून आपण जे मोजतो ते बव्हंशी त्या राज्याने आपली विद्यापीठं कोणत्या पायरीवर उभी केली याचं मोजमाप असतं. त्यात खेळाडूचा दोष काय आणि श्रेय तरी कसलं?

न्यू इंग्लंडची, म्हणजे देशाच्या ईशान्य कोपऱ्याची, कथा आणखी वेगळी. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, मिडलबरी, ट्रिनिटी, वेस्लियन ही श्रीमंत आणि प्रवेशाच्या बाबतीत अतिशय काटेकोर कॉलेजं. त्यांच्या कॉन्फरन्सने दशकानुदशकं आपल्या फुटबॉल विजेत्याला प्लेऑफला पाठवलंच नाही. इतर संघ दहा सामने खेळतात तेव्हा हे 2016 पर्यंत आठ खेळत होते, मग नऊ. म्हणजे पूर्वेची ताकद मोजायला बसायचं आणि पूर्वेतले सगळ्यात सधन संघ खेळायलाच आलेले नाहीत, हे सोयीस्करपणे विसरायचं! याउलट मिडवेस्टमधल्या कित्येक छोट्या खासगी कॉलेजांचं पोट फीवर चालतं. तिथे फुटबॉल संघात दीडशे मुलं असणं म्हणजे दीडशे फी भरणारी मुलं असणं. प्रशिक्षकावर सामने जिंकण्याइतकीच वर्ग भरण्याचीही जबाबदारी असते. इतकी मुलं गोळा केली की त्यांत सरावाची चुरस आपोआप येते.

इथे कोणी मला अडवेल: मग माऊंट युनियनचं काय? बरोबर आहे. ओहायोमध्ये डिव्हिजन टूचे संघ आहेत, माऊंट युनियन हे जेमतेम दोन हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांचं खासगी कॉलेज आहे, आणि तरी त्याची जेतेपदं 13. माझा पायऱ्यांचा सिद्धांत तिथे तोकडा पडतो. अलायन्स हे त्याचं गाव स्टार्क काउंटीत आहे, जिथे कॅन्टन आणि मॅसिलन ही हायस्कूल फुटबॉलवर जीव टाकणारी गावं शेजारी आहेत. आणि लॅरी केरेस नावाचा प्रशिक्षक 1986 ते 2012 तिथे ठाण मांडून बसला. 332 विजय, 24 पराभव, 3 बरोबरी, 11 जेतेपदं. अशा माणसाला कोणत्याच सिद्धांतात कोंबू नये. पण एवढं तरी यातून निघतं, की ‘मोठी विद्यापीठं आम्हाला चिरडतात’ ही दुसऱ्या गटाची ओरड पोकळ आहे. सगळ्यात जास्त चिरडलं ते एका छोट्या कॉलेजने.

बलवानाला बाहेर काढा म्हणजे समतोल येईल, हा उपाय करून झालेला आहे, तोही एकदा नव्हे. ओहायोचंच डेटन विद्यापीठ बास्केटबॉलमध्ये डिव्हिजन वनला आणि फुटबॉलमध्ये डिव्हिजन थ्रीला खेळायचं. 1980 आणि 1989 चं जेतेपद त्यांनी घेतलं. इतरांनी तक्रार केली आणि नियम झाला, की बाकी खेळ ज्या डिव्हिजनमध्ये त्याच डिव्हिजनमध्ये फुटबॉलही खेळायचा. 1993 पासून डेटन बाहेर. आणि 1993 चा विजेता कोण? त्याच ओहायोतलं माऊंट युनियन, पहिल्यांदाच. डेटन राहिलं असतं तर हे घडलंच नसतं असा माझा दावा नाही. पण ज्या मातीत डेटन उगवलं तिथेच पुढचं, त्याहून दणकट झाड उगवलं. मोठं झाड तोडल्याने शेजारच्या शिवारातलं पीक काही वाढलं नाही.

दुसरा प्रयोग ताजा आहे आणि जास्त कडवट. मिनेसोटातल्या सेंट थॉमसने 2017 मध्ये आपल्याच कॉन्फरन्समधल्या सेंट ओलाफला 97–0 असं हरवलं. गुणफलक वाचताना छपाईची चूक वाटावी असा तो आकडा. सेंट थॉमस आकाराने इतर सदस्यांपेक्षा बरंच मोठं होतं आणि 2012 व 2015 मध्ये स्टॅग बोल खेळलं होतं. 2019 च्या मे महिन्यात कॉन्फरन्सने जाहीर केलं की या सदस्याला आम्ही काढत आहोत, कारण स्पर्धेतला समतोल. जवळपास शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी मिळून संस्था उभारली त्यांतल्याच एकाला तू फार जिंकतोस म्हणून घराबाहेर! सेंट थॉमस 2021 मध्ये थेट डिव्हिजन वनला गेलं आणि तिथे बरं चाललंय त्याचं. मागे राहिलेल्या कॉन्फरन्समध्ये समता नांदू लागली का? सेंट जॉन्स आणि बेथेल वर होते, ते वरच राहिले. 2007–08 च्या सुमारास तर अख्खा डिव्हिजनच दुभंगून चौथा करावा अशी चर्चा झाली होती. सदस्य कॉलेजांनीच ती मोडीत काढली, आणि चांगलं केलं. चौथ्या डिव्हिजनमध्येही कोणीतरी पहिला आणि कोणीतरी 66–0 ने हरणारा असणारच होता.

मग उलट बाजूने, दुबळ्यांचं दार बंद करायचं? थेट प्रवेश रद्द, सर्वोत्तम 40 संघ घ्या, कुठलेही असोत. ऐकायला चोख वाटतं. पण सर्वोत्तम कोण हे ठरवणार कशावरून? डिव्हिजन थ्रीचा संघ दहा सामने खेळतो आणि त्यातले बहुतेक स्वतःच्या कॉन्फरन्समध्ये. विस्कॉन्सिन विस्कॉन्सिनशी, न्यू जर्सी न्यू जर्सीशी. 2024 पासून समिती एनपीआय नावाचं गणिती सूत्र वापरते. पण बेटाबेटांवर खेळलेल्या सामन्यांना जोडणारे पूल मूठभर असतील तर सूत्राला दोन बेटांची उंची कळणार कशी? मागच्या डिसेंबरात अमुक विभाग हरला म्हणून यंदा त्याचे संघ घेऊ नका, म्हणजे हरल्याचा पुरावा वापरून पुढचा पुरावा निर्माणच होऊ द्यायचा नाही.

आपल्याकडे हे सगळं रणजी करंडकात होऊन गेलेलं आहे. 1957–58 पासून रणजीत विभागवार साखळी होती आणि बरीच वर्षं विभागातून एकच संघ पुढे जायचा. पश्चिम विभागात मुंबई. 1958–59 पासून सलग 15 वेळा करंडक जिंकणारी मुंबई ज्यांच्या विभागात होती त्या महाराष्ट्राने, बडोद्याने करायचं काय? चांगला संघ असो वा वाईट, वाट तिथेच संपायची. 1970–71 मध्ये प्रत्येक विभागातून दोन संघ घ्यायचं ठरलं आणि त्याच मोसमात अंतिम सामना कोणात झाला? मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात. तोवर महाराष्ट्राची ताकद विभागाच्या कुंपणामुळे झाकलेली होती असा निष्कर्ष काढायला हरकत नाही. लक्षात घ्या, महाराष्ट्राला जागा देण्यासाठी पूर्व विभागाची जागा कापली नव्हती, दार रुंद केलं होतं. डिव्हिजन थ्रीने 32 चे 40 केले ते याच जातीचं पाऊल आणि म्हणून योग्य.

पुढे 2002–03 मध्ये विभाग गेले, एलिट आणि प्लेट आले. प्लेट म्हणजे दुसऱ्या दर्जाचे, असाच सगळ्यांचा समज. तरी काही वर्षांनी प्लेटमधल्या वरच्या संघांसाठी बाद फेरीचं एक अरुंद दार उघडलं गेलं. 2010–11 मध्ये त्या दारातून राजस्थान आत आलं आणि करंडक घेऊन गेलं, पुढच्या वर्षी पुन्हा. ‘प्लेटवाल्यांना बाद फेरीत कशाला?’ असं विचारणाऱ्यांचं त्या आधी ऐकलं असतं तर? आणि विदर्भाला वर्षानुवर्षं कोण मोजत होतं? 2017–18, 2018–19 आणि 2024–25, तीन रणजी जेतेपदं. दुबळेपणा ही प्रदेशाची जन्मखूण नसते. ती बदलते, पण खेळायला मिळालं तरच.

आता माझ्या तक्रारीच्या मुळाशी येतो: बस. डिव्हिजन थ्रीच्या प्लेऑफमध्ये वर्षानुवर्षं असा दंडक राहिला, की 500 मैलांच्या आतला पाहुणा संघ बसने जाणार, त्यापलीकडे विमानाचा खर्च एनसीएए करणार. म्हणून जोड्या जुळवताना विमानं कमीत कमी लागावीत असा प्रयत्न. पाचशे मैल म्हणजे आपल्या जुन्या रस्त्याने मुंबई ते नागपूर. या एका दंडकाने काय काय घडवलं पाहा. टेक्सासमध्ये बेल्टनचं मेरी हार्डिन-बेलर आणि अ‍ॅबिलीनचं हार्डिन-सिमन्स हे दोन तगडे संघ, एकाच कॉन्फरन्समधले. मोसमात ते एकमेकांशी खेळायचे आणि प्लेऑफ सुरू झाला की आसपास दुसरं कोणी नाही म्हणून पुन्हा सुरुवातीच्याच फेऱ्यांत एकमेकांसमोर. एकाला लवकर घरी जावंच लागणार. ओरेगॉनच्या लिनफील्डला, ज्याने 1956 पासून मोसमात विजयांपेक्षा जास्त पराभव कधी पाहिलेच नाहीत, कॅलिफोर्नियातल्या त्याच त्या पाहुण्यांचा पाहुणचार करावा लागायचा. इकडे पूर्वेत अव्वल मानांकनाला साजेसा संघ नाही म्हणून काही वर्षं माऊंट युनियनलाच पूर्वेच्या चौकटीत वर बसवलं. अलायन्स पेनसिल्व्हेनियाच्या सीमेजवळ, बस पोहोचते. मग पूर्वेकडचे चांगले संघ वर्षामागून वर्षं एकाच दगडावर डोकं आपटत राहिले आणि आपण म्हणत राहिलो, बघा, पूर्वेचं कोणी उपांत्य फेरीपलीकडे जातच नाही.

म्हणजे तोच नकाशा बलवान प्रदेशाला आपापसात कापतो आणि दुबळ्या प्रदेशाला कायम एकाच मापाने मोजतो. तफावत किती खरी आणि किती ड्रॉने घडवलेली, हे यात कळतच नाही. जोड्या देशभरातल्या मानांकनाने लावल्या तर काय होईल? कदाचित पहिल्या दोन फेऱ्यांत गुणफरक आणखी भयानक दिसतील. दिसू देत. निदान खरे असतील.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप पैशाचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एनसीएएच्या उत्पन्नातला 3.18 टक्के वाटा डिव्हिजन थ्रीला मिळतो. सदस्यसंख्येने हा सगळ्यात मोठा डिव्हिजन, आणि त्या तुटपुंज्या वाट्यातून पोहण्यापासून मुलींच्या हॉकीपर्यंत सगळ्या स्पर्धा चालवायच्या. फुटबॉलचा संघ म्हणजे पन्नासेक धटिंगण आणि त्यांचं सामान. एका फुटबॉल विमानाच्या पैशात दुसऱ्या खेळांचे किती संघ कुठे कुठे जाऊन येतील! हे म्हणणाऱ्या मुलींच्या प्रशिक्षकाला मी काय उत्तर देणार? एवढंच, की सगळा ड्रॉ विमानात बसवा असं कोणी म्हणत नाही. चाळीस संघांच्या रचनेत पहिल्या फेरीत आठच सामने होतात आणि 24 संघांना पुढे चाल मिळते. मिडवेस्ट आणि ईशान्येत कॉलेजं इतकी दाट आहेत, की मानांकनाने लावलेल्या बऱ्याच जोड्या तशाही बसच्या टप्प्यात पडतील. विमान लागेल ते टेक्सास, कॅलिफोर्निया, ओरेगॉनच्या संघांना आणि बलवान कॉन्फरन्समधले दोन संघ लवकर एकमेकांवर पडू नयेत म्हणून हलवलेल्या एक-दोन जोड्यांना. आठ संघ वाढवायला पैसे सापडले. मग त्यांना योग्य ठिकाणी पोहोचवायला का सापडू नयेत? राष्ट्रीय स्पर्धा म्हणून मिरवायचं तर तेवढी झळ सोसायला हवी.

पूर्वेच्या बाजूने बोलणारे आता 2023 चं कॉर्टलँड पुढे करतात. न्यूयॉर्कचं हे सरकारी कॉलेज व्हर्जिनियातल्या सेलमला गतविजेत्या नॉर्थ सेंट्रलसमोर उभं राहिलं. शेवटी शेवटी नॉर्थ सेंट्रलने टचडाउन केला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या रेषेपार नेला), गुण झाले 38–37, कॉर्टलँड एकाने पुढे. एक किक मारली की बरोबरी आणि जादा वेळ. त्यांनी किक न मारता दोन गुणांसाठी चेंडू पुढे नेण्याचा जुगार खेळला, कॉर्टलँडच्या बचावफळीने तो रोखला आणि सामना तिथेच फिरला. एका चढाईवरून ‘पूर्व उभी राहिली’ असं म्हणणं जितकं उथळ, तितकंच पुढच्या वर्षीच्या 66–0 वरून ‘पूर्व संपली’ म्हणणंही उथळ. मला त्या सामन्यात महत्त्वाची वाटते ती साधी बाब: कॉर्टलँड आपल्या कॉन्फरन्सचं विजेतं म्हणून थेट आत आलं होतं. ‘दुबळ्या’ पूर्वेतल्या विजेत्यांना खुल्या स्पर्धेत उतरवून मगच घ्यावं अशी मागणी करणाऱ्यांनी, त्या वर्षी आपल्या यादीत कॉर्टलँड कितव्या क्रमांकावर होतं, हे एकदा तपासून पाहावं.